बंद गिरण्यांचे फोटो: कला की रिकामी हौस?

कॅमेरावेडा:
मुंबईच्या गिरणगावातली उरलीसुरली धुराडी आणि करवतीच्या दात्यांसारखी छपरं यांचे फोटो टाकले की हमखास कुणीतरी विचारतं, "पडक्या शेडमध्ये काय बघायचं?" मी म्हणतो, वास्तुकला बघा. त्या छपरांच्या काचा उत्तरेकडे असतात, म्हणजे उजेड आत येतो आणि ऊन बाहेरच राहतं. सजवायला कुणी गेलंच नाही, तरी देखणं झालं. जर्मनीत बेर्न्ड आणि हिला बेशर या जोडप्याने १९५९ पासून झोतभट्ट्या, पाण्याच्या टाक्या, कोळसा खाणींचे मनोरे टिपले. १९९० मध्ये व्हेनिस बिएनाले या कलाप्रदर्शनात त्यांना पारितोषिक मिळालं, तेही शिल्पकलेचं!

साचेखाता:
छप्पर देखणं, मान्य. माझे वडील त्याच्याखाली साच्यावर, म्हणजे कापड विणायच्या मागावर, उभे असायचे. सूत तुटू नये म्हणून हवा मुद्दाम दमट ठेवायचे. साच्यांच्या खडखडाटाने त्यांचे कान गेले. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. तुमच्या एकाही फोटोत माणूस नाही. त्या बेशरांच्या फोटोंतही नसतो. शेड रिकामी कशी झाली, हे विचारायचंच नाही का?

कॅमेरावेडा:
त्यांनी माणूस ठरवून टाळला. ढगाळ आकाश, समोरून कोन, दरवेळी तीच पद्धत, म्हणजे दहा टाक्या शेजारी लावून ताडून बघता येतात. गंज आणि गवतावर संधिप्रकाश पाडून फोटो काढणारे वेगळे, त्यांची बाजू मी घेणार नाही. शिवाय जर्मनीतल्या डॉर्टमुंडची झोलर्न कोळसा खाण पाडायला निघाले होते. ती वाचवणाऱ्यांत बेशरही होते. १९६९ मध्ये तिथल्या यंत्रशाळेला संरक्षण मिळालं.

साचेखाता:
तिकडे खाणीचं संग्रहालय झालं. इकडे मुंबईत फिनिक्स गिरणीचं धुराडं राखलं, भोवती मॉल. धुराडं वाचलं म्हणून आनंद मानायचा?

सातबारा:
जमिनीचं कुणीच बोलत नाही. मुंबईच्या १९९१ च्या विकास नियमात गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे होते: पालिका, म्हाडा (सरकारी घरबांधणी संस्था), मालक. २००१ च्या बदलाने वाटणी फक्त मोकळ्या जागेपुरती उरली, शेडखालची जमीन वगळली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम ठेवलं. कुठे काय उभं होतं, हे दाखवणारा साधा, कंटाळवाणा फोटो मला कलात्मक फोटोपेक्षा मोलाचा वाटतो.

साचेखाता:
मग निदान खाली गिरणीचं नाव आणि खातं (गिरणीतला विभाग) तरी लिहा.

कॅमेरावेडा:
नाव, साल लिहीन. कुठलं खातं ते बाहेरून कळत नाही, ते तुम्ही सांगा. माणसं मात्र फोटोत घुसवणार नाही.