नाशिकच्या थंडीत गोल्फ शिकताना: सकाळचा सराव थांबवावा का?

गंगापूररोडकर

नमस्कार. माझे वय बावन्न असून मी ऑगस्टपासून गोल्फ शिकत आहे. नाशिकमध्ये ‘गोल्फ क्लब’ म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान आणि तेथे सकाळी फेऱ्या मारणारी मंडळी येतात. हा खेळ खेळणारे माझ्या ओळखीत फारसे कोणी नाही, म्हणून येथे विचारतो.

ऑक्टोबरअखेर सात नंबरच्या आयर्नने (धातूच्या पात्याच्या क्लबने, म्हणजे चेंडू मारण्याच्या काठीने) माझा चेंडू साधारण ११० यार्ड जात असे. डिसेंबरात पारा दहा अंशांच्या खाली उतरल्यापासून तोच फटका ९५ यार्डांच्या आसपास थांबतो, आणि चेंडू क्लबच्या मधोमध लागला नाही तर बोटांपासून कोपरापर्यंत झिणझिण्या येतात. मी उजेड होताच, सातच्या सुमारास सुरुवात करतो. माझा स्विंग (क्लब फिरवण्याची पद्धत) बिघडला आहे, की हा थंडीचा परिणाम आहे? फेब्रुवारीपर्यंत थांबणे बरे का? शिवाय, ग्रीनवर (भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर) चेंडूच्या वाटेतील दव मी टॉवेलने पुसले, तेव्हा सोबतच्या गृहस्थांनी हरकत घेतली. त्यांचे म्हणणे बरोबर आहे का?

देवळालीकर

आपला स्विंग बिघडला आहे असे या वर्णनावरून मुळीच वाटत नाही, आणि सराव थांबवू नये असे मी कळकळीने सांगेन. तापमान ३० अंशांवरून १० अंशांवर आले की हवेची घनता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते, त्यामुळे चेंडूला होणारा अवरोधही वाढतो. चेंडूचा गाभा रबरासारख्या लवचिक पदार्थाचा असतो. तो गार झाला की कडक होतो आणि क्लबवरून पूर्वीइतक्या वेगाने उसळत नाही. त्यात आखडलेले खांदे आणि दोन स्वेटर यांमुळे आपली पाठ पुरेशी वळत नसणार. ही तिन्ही कारणे एकत्र आल्यावर दहापंधरा यार्ड कमी होणे अगदी स्वाभाविक आहे.

नवशिक्या माणसाची खरी चूक येथून पुढे होते. अंतर घटलेले पाहून तो अधिक जोर लावतो, मूठ घट्ट आवळतो आणि चार महिन्यांत बसवलेली लय आठवड्याभरात घालवतो. माझ्याकडूनही पहिल्या हिवाळ्यात हेच झाले होते. त्याऐवजी सात नंबरच्या जागी चेंडू अधिक लांब नेणारा सहा नंबरचा आयर्न घ्यावा आणि स्विंग नेहमीच्याच संथपणे करावा. चेंडू रात्रभर गाडीच्या डिकीत न ठेवता घरात ठेवावेत. मात्र खेळताना ते मुद्दाम तापवू नयेत, कारण तापवून गुणधर्म बदललेल्या चेंडूने फटका मारण्यास नियमांत मनाई आहे.

दवाबाबत आपल्या सोबत्यांचे म्हणणे बरोबर आहे. टीच्या जागेवरचे (जेथून पहिला फटका मारतात तेथले) दव दूर करण्यास परवानगी आहे, परंतु ग्रीनवर आपल्या चेंडूच्या वाटेतील दव पुसता येत नाही. स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजून खेळताना) त्याचा दंड दोन फटक्यांचा आहे. दव हे नियमांनुसार ‘तात्पुरते साचलेले पाणी’ही मानले जात नाही, त्यामुळे त्या कारणाने चेंडू दुसरीकडे ठेवण्याची सवलतही मिळत नाही. ओल्या ग्रीनवर चेंडू मंद धावतो हे गृहीत धरून पट (ग्रीनवर चेंडू घरंगळवण्याचा फटका) थोडा जोरात मारावा, एवढाच मार्ग उरतो.

हरळी

वरील उत्तरात गवताचा उल्लेख राहिला. आपल्याकडील अनेक कोर्सवर बर्म्युडा जातीचे, म्हणजे आपल्या हरळीच्याच कुळातले गवत असते. थंडीत त्याची वाढ मंदावते आणि चेंडू पावसाळ्यासारखा गवतावर उचललेला न राहता जमिनीलगत बसतो. त्यामुळे क्लब थोडा जरी आधी टेकला तरी थेट कडक माती लागते. झिणझिण्यांचे एक कारण हेही असू शकेल.

सिडकोवासी

सराव थांबवू नये हे मला मान्य आहे, परंतु सातची वेळ मला मान्य नाही. जानेवारीत आपल्याकडे सूर्य सव्वासातच्या आसपास उगवतो आणि त्यानंतरही बराच वेळ गारठा हटत नाही. बावन्नाव्या वर्षी थंड स्नायूंनी थेट आयर्न फिरवणे म्हणजे कोपराचे दुखणे ओढवून घेणे होय. सुटीच्या दिवशी नऊनंतर जावे; कामाच्या दिवशी पर्याय नसेल तर आधी दहा मिनिटे भरभर चालावे, खांदे आणि कंबर मोकळी करावी, मग वेजने (जवळच्या फटक्यांच्या आखूड क्लबने) अर्ध्या स्विंगचे वीसपंचवीस फटके मारून हळूहळू लांब क्लबकडे जावे. दोन जाड स्वेटरांपेक्षा आत अंगाला घट्ट बसणारा पातळ थर आणि वर बिनबाह्यांचे जाकीट बरे, म्हणजे हात मोकळे राहतात. दवाने ग्रिप ओली होऊन निसटते, म्हणून एक कोरडा ग्लव्ह जास्तीचा ठेवावा. झिणझिण्या घरी आल्यावरही राहत असतील तर मात्र आठवडाभर थांबून डॉक्टरांना दाखवावे.

गंगापूररोडकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. झिणझिण्या पाचदहा मिनिटांत थांबतात, घरापर्यंत राहत नाहीत. चेंडूंची पिशवी आजच डिकीतून घरात आणली आहे. ग्रीनवर ज्यांनी मला अडवले, त्यांच्याशी मी थोडा वाद घातला होता. रविवारी नऊ वाजता त्यांच्याबरोबरच खेळणार आहे, तेव्हा त्यांची क्षमा मागेन.