आकडा बसला, पण कुठला?

'उत्पन्नाची अट म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, आकडा बसला की प्रीमियम क्रेडिट कार्ड हातात' हे म्हणणं मला अर्धंच पटलं. रेघ खरी, पण कुठल्या आकड्याची? पगारदाराचं सॅलरी स्लिपवर भागतं. माझा स्वतःचा व्यवसाय, त्यामुळे मी अर्जात बेधडक वर्षाची उलाढाल लिहून मोकळा झालो. बँकेतल्या बाईंनी आयकर विवरणपत्राची पानं उलटली, पेन्सिलीने निव्वळ नफ्याभोवती गोल काढला आणि म्हणाल्या, "आम्ही हा धरतो." त्या वर्षी नवीन यंत्र घेतलेलं, त्याच्या घसाऱ्याने, म्हणजे झिजेपोटी खर्च म्हणून धरलेल्या रकमेने, नफा पार खाऊन टाकला होता. कर वाचला म्हणून मी खूश होतो, तेच इथे भोवलं. वर यंत्राच्या कर्जाचा हप्ता चालू, तोही त्यांनी हिशेबात घेतला. अर्ज अर्थातच नामंजूर.

आणखी एक, अट दरवेळी एकट्याच्याच उत्पन्नाची असते असंही नाही. कॅनडात वर्ल्ड एलिट मास्टरकार्ड या प्रीमियम कार्डाला साधारणपणे स्वतःचं वर्षाचं ८० हजार डॉलर किंवा घरातलं मिळून दीड लाख चालतं. तशाच व्हिसा इन्फिनिट कार्डाला स्वतःचं ६० हजार किंवा घरातलं १ लाख. अमेरिकेत तर २०१३च्या नियमबदलानंतर २१ वर्षं पूर्ण झालेल्याला जोडीदाराचं उत्पन्नही दाखवता येतं, फक्त ते वापरायला मिळेल अशी रास्त खात्री हवी. तेव्हा ज्यांनी 'एकाच्या पगारात बसत नाही' म्हणून अर्जच केला नाही, त्यांनी अर्जावर 'वैयक्तिक' लिहिलंय की 'कौटुंबिक', हे एकदा नीट वाचावं.