मदत हवी आहे : देवळालीच्या दुकानातील दोन परदेशी नाणी आणि एक पितळी बिल्ला

नमस्कार मंडळी,

माझ्या आजोबांचे देवळाली कॅम्पात शिवणकामाचे दुकान होते. जुन्या नाशकातले आमचे घर आवरताना त्यांचा बटणांचा पत्र्याचा डबा हाती लागला आणि त्याच्या तळाशी, बटणांतच मिसळून गेलेल्या तीन धातूच्या चकत्या निघाल्या. देवळालीच्या छावणीत बोटीची वाट पाहणाऱ्या फौजांची सतत ये-जा असे, त्यामुळे गिऱ्हाइकांच्या खिशातून परकी नाणी दुकानात यावीत हे समजण्यासारखे आहे. तिन्हींची दोन्ही बाजूंची छायाचित्रे, सराफाच्या काट्यावर केलेली वजने आणि व्हर्निअरने घेतलेली मापे सोबत जोडली आहेत.

पहिले नाणे तांब्याचे आहे. व्यास साधारण २५ मिलिमीटर, वजन सहा ग्रॅमच्या आसपास, एका बाजूला तराजू आणि दुसऱ्या बाजूला अरबी लिपीतील मजकूर. घरात सगळे त्याला ‘कंपनीचा तराजूछाप पैसा’ म्हणत आले, आणि मीही ते मान्य केले होते, कारण मुंबई इलाख्यासाठी ईस्ट इंडिया कंपनीने काढलेल्या पैशांवर तराजू असतोच व त्याच्या पारड्यांमध्ये ‘अदल’, म्हणजे न्याय, हा शब्द असतो. तराजूच्या बाजूवरचे आकडे मी १२११ असे वाचले. हिजरी १२११ म्हणजे इसवी सन १७९६-९७, तेव्हा कंपनीच्या काळाशी तेही जुळले.

ते आकडे मी चुकीचे वाचले होते. अरबी नऊ हा थेट आपल्या देवनागरी एकासारखा दिसतो, तर अरबी एक म्हणजे नुसती उभी रेघ. एकाच नाण्यावर ‘एक’ दोन वेगवेगळ्या आकारांत कसा असेल, ही शंका भिंगाखाली नाणे तिसऱ्यांदा धरल्यावर आली आणि मग सन १२९९ असल्याचे लक्षात आले. (ज्यांच्याकडे अशी नाणी आहेत त्यांनी पाचाकडेही लक्ष द्यावे, अरबी पाच आपल्याला शून्य वाटतो आणि खरे शून्य केवळ ठिपका असते.) हिजरी १२९९ म्हणजे इसवी सन १८८१-८२. तोवर कंपनी सरकार जाऊन वीस वर्षे उलटली होती. शिवाय कंपनीच्या पैशावर दुसऱ्या बाजूला तिचे चिन्ह किंवा ढाल हवी, ती येथे नाही. त्यामुळे हे नाणे पूर्व आफ्रिकेजवळच्या झांजीबार बेटाचा सुलतान बरगश बिन सईद याच्या काळातील ‘पायसा’ असावे असे मला वाटते. त्याची कारकीर्द १८७० ते १८८८ अशी होती आणि नाण्याचे नावही आपल्या पैशावरूनच तिकडे गेलेले आहे. अरबी वाचू शकणाऱ्या कुणी मजकुरातील नाव पाहून याला दुजोरा दिला तर फार बरे होईल.

दुसरे नाणे सोपे निघाले. कांगारू, १९४३ हे साल आणि सहावा जॉर्ज, म्हणजे ऑस्ट्रेलियाची पेनी. मात्र राजाच्या मानेखाली इंग्रजी ‘आय’ हे बारीक अक्षर आहे आणि ती मुंबईच्या टाकसाळीची खूण आहे. युद्धकाळात, १९४२ आणि १९४३ मध्ये, ऑस्ट्रेलियासाठी पेन्या मुंबईतही पाडल्या गेल्या. नाशिकपासून चार तासांच्या अंतरावर तयार झालेले नाणे समुद्रापार जाऊन एखाद्या सैनिकाच्या खिशातून पुन्हा देवळालीला आले, की ते मुळात इकडून बाहेर पडलेच नाही? अशा ‘आय’ खुणेच्या पेन्या महाराष्ट्रात आणखी कुणाला सापडल्या असतील तर कृपया कळवावे. लहानपणी मी या नाण्याची एक बाजू चिंचेने घासून लख्ख केली होती. तिच्यावरचा मूळचा तपकिरी रंग कायमचा गेला, याचे मला आज फार वाईट वाटते.

खरी अडचण तिसऱ्या वस्तूची आहे. हा अष्टकोनी पितळी बिल्ला असून वरच्या कोपऱ्याजवळ भोक आहे. मध्ये २१६ हा इंग्रजी आकडा एकेक ठसा हातोडीने ठोकून उमटवलेला आहे, कारण मधला एक किंचित कलला आहे आणि सहाचा घाव इतका खोल बसला आहे की मागच्या कोऱ्या बाजूला त्याचा उंचवटा बोटाला लागतो. राजा, देश, सन, किंमत यांपैकी काहीही नाही, तेव्हा हे चलन नव्हे एवढे नक्की. भोकाची वरची कड मात्र झिजून गुळगुळीत झाली आहे, म्हणजे तो बराच काळ खिळ्यावर किंवा कडीत टांगलेला असावा. छावणीतील धोब्याकडे, उपाहारगृहात किंवा मजुरांच्या हजेरीसाठी असे बिल्ले वापरात होते का? की शिवायला आलेल्या कपड्यांसाठी आजोबांनीच ते करून घेतले होते? देवळालीतील जुन्या दुकानदारांच्या घरी असा अष्टकोनी बिल्ला, वेगळ्या आकड्याचा का होईना, कुणी पाहिला आहे का?

मला यांपैकी काहीही विकायचे नाही, त्यामुळे कृपया किमती सांगू नयेत. त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आणि संग्रहालय आहे, तेथे मी तिन्ही वस्तू घेऊन जाणारच आहे. त्याआधी बिल्ल्याचे आणखी कोणत्या कोनातून छायाचित्र हवे असल्यास सांगावे, मी लगेच काढून येथे जोडतो.