लोकलच्या वेळापत्रकातले रंग सीएसव्हीत येत नाहीत

बोरिवली_पूर्व
नमस्कार मंडळी. सोसायटीच्या नोटीसबोर्डासाठी बोरिवली–चर्चगेट लोकलचा एक्सेल तक्ता केलाय. एका ओळीत एक गाडी. फास्टची वेळ लाल अक्षरांत, एसी असेल तर घराला निळा रंग. आता मोबाइलसाठी वेबपान करायचं म्हणून सीएसव्ही काढली, तर सगळे रंग गेले. रंगासकट काढता येईल का?

ओळ_स्तंभ
नाही. सीएसव्हीत नुसता मजकूर आणि स्वल्पविराम असतात. पण खरी अडचण वेगळी आहे: गाडी फास्ट आहे हे तुमच्या तक्त्यात कुठे लिहिलेलंच नाही, फक्त रंगवलंय.

‘गती’ आणि ‘एसी’ असे दोन नवे स्तंभ घ्या. दोन्ही एकात कोंबू नका, एसी गाडी फास्टही असू शकते. फिल्टर लावून वेळेच्या स्तंभावर ‘फिल्टर बाय कलर’मधून लाल फॉन्ट निवडा. ‘गती’तली दिसणारी घरं निवडून ऑल्ट आणि अर्धविराम दाबा, म्हणजे लपलेल्या ओळी सुटतील. मग ‘फास्ट’ टाइप करून कंट्रोल-एंटर. निळ्या घरांसाठी हेच ‘एसी’ स्तंभात. पुढे हाताने रंगवायचं बंद. कंडिशनल फॉरमॅटिंग त्या शब्दावरून रंग देईल. सूत्रात डॉलर स्तंभाच्या अक्षराआधी द्या, ओळीच्या आकड्याआधी नको, नाहीतर सगळ्या ओळी पहिल्या गाडीचाच रंग घेतील.

मर्ज केलेली घरं असतील तर आधी मोडा. सीएसव्हीत त्यांतल्या पहिल्याच घरात मजकूर राहतो. आणि सेव्ह करताना ‘सीएसव्ही यूटीएफ-8’च निवडा, साध्या सीएसव्हीत देवनागरीची प्रश्नचिन्हं होतात.

पानवाला_दादर
वेबपानावरही तेच पाळा. एचटीएमएलमध्ये क्लासचं नाव ‘लाल’ ठेवू नका, ‘फास्ट’ ठेवा. लाल की जाड हे सीएसएस ठरवेल. स्टेशनांची नावं टीएच टॅगमध्ये (तक्त्यातल्या शीर्षकाच्या घरासाठीचा टॅग) घाला, म्हणजे स्क्रीन रीडर, म्हणजे दृष्टिहीनांना पान वाचून दाखवणारा प्रोग्राम, वेळेसोबत स्टेशनही वाचेल. रंग तो वाचत नाही, म्हणून ‘फास्ट’ हा शब्द पानावर दिसायलाच हवा. नोटीसबोर्डाच्या प्रतीलाही तो लागतोच: ब्राउझर छापताना मागचा रंग सहसा गाळतो, आणि काळ्या-पांढऱ्या झेरॉक्समध्ये लाल काय नि काळं काय, सारखंच.

बोरिवली_पूर्व
स्तंभ झाले, आभार! पण वेळेनुसार लावल्यावर रात्री 12:10 ची गाडी सगळ्यात वर जाते.

ओळ_स्तंभ
एक्सेल वेळ दिवसाच्या अंशात साठवतं. 8:15 म्हणजे आत 0.34375, ‘8:15’ हे फक्त त्याचं दिसणं. 12:10 ची गाडी आदल्या दिवसाच्या सेवेतली शेवटची, म्हणून 24:10 लिहा. सार्वजनिक वाहतुकीच्या जीटीएफएस फायलींतही असंच लिहितात. मात्र घराच्या फॉरमॅटमध्ये तासाचं अक्षर चौकटी कंसात हवं, म्हणजे [h]:mm, नाहीतर 24:10 चं 0:10 दिसतं. सीएसव्हीत दिसेल तेच उतरतं, त्यामुळे तिथे ती गाडी पुन्हा पहाटेची होईल.