मदत हवी आहे: गोदामाचा फ्लोअर १५० मिमी की २००? खाली काळी माती, वर रॅक आणि फोर्कलिफ्ट

वाळूजकर

नमस्कार मंडळी. वाळूज भागात ३० × ६० मीटरचं प्री-इंजिनिअर्ड शेड होतंय, भाड्याने देण्याचं गोदाम. कॉलम फक्त दोन्ही बाजूंना, दर ७.५ मीटरवर. बाकी तपशील:

माती: वर १.४ मीटर काळी, खाली मुरूम. काळ्या मातीचा फ्री स्वेल इंडेक्स (पाण्यात किती फुगते त्याचं माप) ८५ टक्के, भिजवलेला सीबीआर (माती भार किती पेलते त्याचा आकडा) २.
पातळी: ट्रकच्या डॉकसाठी फ्लोअर जमिनीपासून १.२ मीटर वर.
भार: चार लेव्हलचे रॅक पाठीला पाठ लावून, प्रत्येक बीमवर एकेक टनाचे दोन पॅलेट. फोर्कलिफ्ट ३ टनी, सॉलिड टायरची.

ठेकेदार म्हणतो: वरची १५ सेंमी माती खरवडू, मुरूम टाकून पाणी सोडून बसवू, २३० मिमी डबराचं सोलिंग (मोठ्या दगडांचा थर), १०० मिमी पीसीसी (बिनसळईचं काँक्रीट) आणि वर १५० मिमी एम२५ काँक्रीटचं ट्रिमिक्स (ओतल्यावर व्हॅक्यूमने जादा पाणी ओढून घेतलेला फ्लोअर). तळाला ८ मिमी सळई दर २०० मिमीवर, दोन्ही दिशांना. आर्किटेक्ट २०० मिमी जाडी मागतात. ठेकेदाराचं उत्तर: 'सळई १० ची करतो, १५० पुरे.' कोणाचं ऐकावं?

खडीवाला

दोघांचंही अर्धंच. आधी पायाचा भार काढू. चारही लेव्हल बीमवर धरल्या तर एका बेमध्ये (दोन उभ्या फ्रेममधल्या गाळ्यात) ८ टन. मधल्या फ्रेमवर पूर्ण बेचा भार येतो आणि फ्रेमला पाय दोन, म्हणजे पायाला ४ टन, ४० किलोन्यूटन. पाठीला पाठ असल्यामुळे दोन पाय ३०० मिमीवर शेजारी येतात. इतक्या जवळचे पाय एकच ठसा धरून मोजायचे: ८० किलोन्यूटन, ४२० × १२० मिमीवर (बेसप्लेट १२० × १२० धरली आहे).

वेस्टरगार्डच्या सूत्राने (जमिनीवर टेकलेल्या स्लॅबसाठीचं), भराव नीट होऊन सीबीआर १० मिळाला असं धरून (के, म्हणजे खालच्या जमिनीचा ताठपणा, = ५५ मेगापास्कल प्रति मीटर), एम३० काँक्रीटमध्ये पॅनेलच्या (जॉइंटमधल्या तुकड्याच्या) मध्यभागी वाकण्याचा ताण असा येतो:

१५० मिमी: ४.४ मेगापास्कल
२०० मिमी: २.७
२२५ मिमी: २.२

एम३० ची वाकण्यातली ताकद ०.७√३०, म्हणजे ३.८३. एम२५ ची ३.५. तेव्हा १५० मिमी ठेकेदाराच्या एम२५ मध्ये तर सोडाच, एम३० मध्येही रॅक भरल्यावर तडकणार. २०० ला सुरक्षा गुणांक १.४, २२५ ला १.७५. स्थिर भाराला किमान १.५ आणि फोर्कलिफ्टच्या वाटेवर १.७ च्या वर हवा. त्यामुळे एम३०, २२५ मिमी. हीच पायांची जोडी डॉवेल (जॉइंटच्या आरपार भार पोचवणारी आडवी सळई) नसलेल्या मोकळ्या कडेवर आली तर २०० मिमीतही ताण ४.१ होतो. जॉइंट कुठे येणार हे जाडीइतकंच महत्त्वाचं आहे ते यासाठी.

आता १० मिमी सळई. भाराखाली ताण तळाला येतो हे खरं, पण काँक्रीट तडकेपर्यंत सळई जवळजवळ काहीच उचलत नाही. १० मिमी २०० वर म्हणजे मीटरला ३९३ चौ. मिमी, १५० जाडीच्या ०.२६ टक्के. एवढ्याने स्लॅबची ताकद वाढत नाही. जाडी कमी करून सळई वाढवणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

मातीपरीक्षा

वरच्या हिशेबात एक गंमत आहे, ती ठेकेदाराला कळली तर तो तिचा फायदा घेईल. सीबीआर १० चा २ केला (के ५५ चा २१), तर २०० मिमीतला ताण २.७ वरून जेमतेम ३.० होतो. मग भरावावर खर्च कशाला, असा प्रश्न येतो. तर त्या सूत्रात माती फुगत नाही, आक्रसत नाही आणि बसतही नाही. प्रत्यक्षात गोदामाचे फ्लोअर बिघडतात ते त्यामुळेच.

फ्री स्वेल ८५ म्हणजे मध्यम फुगणारी माती. ती सगळी काढायची गरज नाही, कारण वर भराव येतोच आहे. पण १५ सेंमी खरवडणं ही थट्टा आहे. किमान ६०० मिमी काढा. १.२ मीटरमधून वरचे थर वजा करा: २२५ स्लॅब, १०० पीसीसी, १५० जीएसबी (दाबून बसवलेला खडी-मुरमाचा थर), एकूण ४७५. उरले ७२५, त्यात खालचे ६०० मिळवले की १.३२५ मीटर मुरूम. १८०० चौ. मीटरला सुमारे २,४०० घनमीटर बसलेला, सैल मोजला तर ३,००० च्या आसपास. दर ठरवताना बसलेला की सैल ते कागदावर लिहा, भांडण हमखास तिथेच होतं.

पाणी सोडून मुरूम बसवणे हा प्रकार सरळ नाकारा. चिकणमाती असलेला मुरूम पाण्याने बसत नाही, फक्त चिखल होतो. २०० मिमीचे थर, ऑप्टिमम ओलावा, ८ ते १० टनी व्हायब्रेटरी रोलर आणि प्रत्येक थराला हेवी प्रॉक्टरच्या (प्रयोगशाळेत ठोकून मिळणाऱ्या कमाल घनतेच्या) किमान ९५ टक्के घनता (वरच्या दोन थरांना ९८). सँड रिप्लेसमेंट चाचणी (जागेवरची घनता मोजणारी) थरागणिक, ५०० चौ. मीटरला किमान एक. ढिला भराव दोन टक्के जरी बसला तरी १.३ मीटरला २६ मिमी होतात, आणि ते एकसारखे नाही, जिथे ढिला तिथे.

ढिला कुठे राहतो? फुटिंगचे खड्डे बुजवताना कॉलमभोवती, प्लिंथ बीमला लागून आणि डॉकच्या भिंतीमागे. तिथे मोठा रोलर पोचत नाही. त्या पट्ट्यात १०० मिमीचे थर आणि प्लेट कॉम्पॅक्टर किंवा हाताने चालवायचा रोलर. फोर्कलिफ्ट ट्रकमध्ये चढते-उतरते ती नेमकी डॉकच्या कडेवर, म्हणून या पट्ट्याची चाचणी वेगळी मागा.

डबर सोलिंगऐवजी जीएसबी सुचवतो. हाताने लावलेल्या डबरात पोकळ्या राहतात, पुढे मुरूम त्यात झिरपतो आणि पीसीसी अधांतरी राहते. शेडबाहेर भोवती दीड मीटरचा पक्का ॲप्रन आणि पन्हाळीचं पाणी त्याच्याही पलीकडे. कडेची काळी माती एकदा भिजली-सुकली की आतला सगळा खटाटोप पाण्यात.

वाळूजकर

खूप आभार. ठेकेदाराशी बोललो, तो एम३० आणि २२५ ला तयार आहे. पण म्हणतो, 'मग सळई काढून टाकू आणि जॉइंट तिसऱ्या दिवशी कापू.' सळई काढली तर चालेल? आणि जॉइंटचं नेमकं काय करायचं?

पट्टाआड

सळई काढली तरी चालेल, जॉइंट जवळ असतील तर. ठेवायची असेल तर वरून ५० मिमीवर, तळाला नाही. आक्रसण्याचे तडे वरून उघडतात आणि जाळीचं काम ते मिटलेले धरून ठेवणं. जाळी उचलून धरणाऱ्या सळईच्या खुर्च्या ७५० ते ९०० मिमीवर हव्यात. 'ओतताना आकड्याने वर ओढून घेतो' हे ऐकायला बरं, पाच मिनिटांनी कामगाराच्या बुटाखाली जाळी परत पीसीसीला टेकते. स्टील फायबर हा दुसरा मार्ग: हुक्ड एंड (टोकं वाकवलेले), घनमीटरला २० किलो धरले तर सगळ्या स्लॅबच्या ४०५ घनमीटरला ८.१ टन.

आखणी अशी. लांबीच्या दिशेने ३.७५ मीटरचे आठ पट्टे, एक आड एक ओतायचे. आडवे काप दर ३.७५ मीटरवर, म्हणजे एक सोडून एक काप कॉलमच्या रेषेत येतो. पॅनेल चौरस पडतं, ते उत्तम. रॅकचा नकाशा हातात असेल तर पट्ट्यांची रुंदी ३.२ ते ४ मीटरमध्ये थोडी सरकवा, म्हणजे लांबीचा जॉइंट रॅकच्या पायाखाली किंवा फोर्कलिफ्टच्या चाकाच्या रेषेत येणार नाही.

पट्ट्यांमधल्या जॉइंटला डॉवेल: २५ मिमी व्यासाची गुळगुळीत एमएस सळई, ४५० लांब, ३०० वर, जाडीच्या मध्यावर. सात जॉइंट × ६० मीटर, म्हणजे १,४०० नग, साधारण २.४ टन. यात चार गोष्टी चुकतात. गुळगुळीत बारऐवजी टीएमटी (खाचांची सळई) वापरतात, मग जॉइंट उघडतच नाही आणि तडा पॅनेलमधून जातो. टोकं कात्रीने तोडतात, त्यांना फुगवटा येतो, करवतीने कापा. अर्ध्या भागाला ग्रीस किंवा स्लीव्ह लावत नाहीत. आणि डॉवेल तिरपे बसतात: साइड फॉर्मला भोकं पाडून दोन्ही बाजूंनी आधार द्या, नुसतं ओल्या काँक्रीटमध्ये खुपसू नका. फोर्कलिफ्टचा मुख्य रस्ता असेल तिथे कापलेल्या जॉइंटखालीही डॉवेलची बास्केट ठेवा. बाकी ठिकाणी खडीची पकड पुरते.

काप तिसऱ्या दिवशी? तोवर काँक्रीटने आपली जागा स्वतः निवडलेली असते. साधं ग्रूव्ह कटर असेल तर ओतल्यापासून ६ ते १२ तासांत, उन्हाळ्यात अलीकडच्या टोकाला. परीक्षा सोपी: थोडं कापून पाहा, कडेची खडी उखडत नसेल तर लगेच सुरू. म्हणजे रात्री कटर, ऑपरेटर आणि जास्तीचं ब्लेड साइटवर हवं. खोली जाडीच्या पावभर, ५५ ते ६० मिमी. २५ मिमीची रेघ फक्त फोटोसाठी.

कॉलम, प्लिंथ बीम आणि डॉकच्या भिंतीपासून स्लॅब १२ मिमी फिलर बोर्डने पूर्ण जाडीत सुटा करा. कॉलमभोवती चौकोन शंकरपाळ्यासारखा, कोपरे जॉइंटकडे करून. पीसीसी सपाट ओढा आणि वर २५० मायक्रॉनचा प्लास्टिक कागद, ३०० मिमी ओव्हरलॅप देऊन. कागदाने ओल अडते आणि स्लॅब सरकायला मोकळा राहतो.

खडीवाला

मिक्सबद्दल: एकूण पाणी घनमीटरला १६० लिटरच्या आत, पाणी-सिमेंट ०.४५, सिमेंट (फ्लाय ॲश धरून) ३५० च्या आसपास. सिमेंट वाढवून ताकद मागू नका, आक्रसणं वाढतं. क्रश सँडमध्ये डस्ट जास्त असेल तर पाणी खाते, चाळणीचा रिपोर्ट आधी घ्या. एक पट्टा ५१ घनमीटर, म्हणजे ६ घनमीटरच्या नऊ गाड्या. साइटवर गाडीत ६० लिटर पाणी सोडलं तर घनमीटरला १० लिटर वाढतात आणि ०.४५ चं ०.४८ होतं. स्लंप (ओल्या काँक्रीटचा पातळपणा) कमी वाटला तर प्लँटच्या माणसाकडून ॲडमिक्श्चर, पाण्याचा पाईप नाही. क्यूबबरोबर फ्लेक्शर बीमही (वाकवून तपासायचे नमुने) भरून घ्या, हा स्लॅब वाकण्यावरच जगतो.

वाळूजकर

ट्रिमिक्स करावं की नाही? एक जण म्हणाला जुनं तंत्र आहे, लेझर स्क्रीड (लेझरने पातळी धरून काँक्रीट सपाट करणारं मशीन) लावा.

पट्टाआड

१८०० चौ. मीटरला लेझर स्क्रीड मिळालं तर सपाटी चांगली येते. पण मग पट्टे रुंद होतात आणि गाड्यांचा पुरवठा न थांबता लागतो. या आकाराला ट्रिमिक्स चालेल.

खडीवाला

थोडा असहमत. ट्रिमिक्सचा फायदा जादा पाणी ओढण्यात आहे. वर दिलेल्या ०.४५ च्या मिक्समध्ये ओढायला फारसं पाणीच नसतं, आणि असलं तरी व्हॅक्यूमचा जोर खाली जाता जाता कमी होतो. दाखवण्यापुरती मॅट पसरायची तर दुहेरी बीमचा स्क्रीड आणि पॉवर ट्रॉवेल पुरे. व्हॅक्यूम करायचंच असेल तर जाडीच्या दर सेंटीमीटरला एक ते दीड मिनिट द्या, बुटाचा ठसा जेमतेम उमटेपर्यंत.

पट्टाआड

मान्य, कमी पाण्याच्या मिक्सला व्हॅक्यूमची गरज नाही. वरच्या थराला मात्र हार्डनर हवाच: नॉन-मेटॅलिक ड्राय शेक (ओल्या काँक्रीटवर भुरभुरायची कोरडी पूड), चौ. मीटरला ५ किलो. पृष्ठभागावरचं पाणी गेल्यावर दोन तृतीयांश, फ्लोट फिरवून उरलेलं. पाणी असताना टाकलं किंवा घाईने ब्लेडने घोटलं तर वरची साल बंद होते, खालचं पाणी-हवा अडकते आणि काही महिन्यांत पापुद्रे निघतात. कोरडं सिमेंट भुरभुरून नीरू मारण्याची सवय असेल तर ती आधीच बंद करा, धूळ आणि केसासारखे तडे त्यातूनच येतात. छत आणि बाजूचे पत्रे लागल्याशिवाय ओतू नका. ऊन-वाऱ्यात वरचा थर तासाभरात सुकतो आणि खालचा ओलाच राहतो.

क्युरिंग: ओलं गोणपाट आणि वर प्लास्टिक, फ्लाय ॲश असल्याने किमान १० दिवस, जमलं तर १४. सिमेंट-वाळूची आळी घालून पाणी भरलं तर हार्डनरवर आळ्यांचे डाग कायमचे राहतात.

वाळूजकर

शेवटचा प्रश्न. जॉइंट कशाने आणि कधी भरायचे? भाडेकरूला दीड महिन्यात ताबा हवाय.

पट्टाआड

जितकं उशिरा तितकं चांगलं, कारण स्लॅब अजून आक्रसत असतो आणि जॉइंट रुंदावत जातो. ६० ते ९० दिवस थांबता आलं तर उत्तम. दीड महिन्यात ताबा द्यायचाच असेल तर चाकं फिरणारे जॉइंट आता भरा आणि वर्षभराने एकदा पुन्हा भरण्याचं काम करारातच लिहून ठेवा. मऊ पीयू सीलंट इथे नको: चाक त्याला दाबतं आणि जॉइंटची कड तुटते. शोअर ए ८० (रबरासारख्या पदार्थाच्या कडकपणाचं माप) किंवा जास्त कडकपणाचं सेमी-रिजिड इपॉक्सी किंवा पॉलियुरिया, कापाच्या पूर्ण खोलीपर्यंत, खाली फोमचा दोरा न घालता. भरण्याआधी आतली गाळ-धूळ व्हॅक्यूमने काढा. किंचित उंच भरून सुकल्यावर पात्याने सपाट कापा. कॉलम आणि भिंतीकडच्या सुट्या जॉइंटला मात्र मऊ सीलंटच, तिथे चाक जात नाही आणि हालचाल व्हायला हवी.

रॅकचे अँकर जॉइंटपासून किमान १५० मिमी दूर. भोक पाडण्याआधी जाळी कुठे आहे ते बघा.