मालकाला 'नाही' म्हणणं

"मालक म्हणेल तिकडे यॉट वळवायची, यात कसलं आलंय नेतृत्व?" यॉटच्या कॅप्टनबद्दलचा हा प्रश्न मला पटला नाही. समजा, फ्रान्सच्या आंतिब बंदरातून कॉर्सिका बेटाला निघायचंय, पाहुण्यांचं जेवण तिथे ठरलंय आणि मिस्ट्रल हा तिकडचा सोसाट्याचा वारा सुटलाय. सोलास या सागरी सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पाचव्या प्रकरणातला ३४-१ नियम म्हणतो की सुरक्षेच्या निर्णयात मालकानेही कॅप्टनला आडकाठी करायची नाही. कागदावर ठीक, पण पगार तोच देतो ना! म्हणून मुरलेला कॅप्टन नुसतं "नाही" म्हणत नाही. आदल्या संध्याकाळीच हवामानाचा नकाशा समोर ठेवतो, सोबत आडोशाच्या खाडीचा पर्यायही. आणि मालकाकडून ऐकून घेतलेलं खाली खलाशांवर काढत नाही (हे फार थोड्यांना जमतं). नांगराचंही तसंच. फ्रान्सच्या भूमध्य किनाऱ्यावर २४ मीटरपुढच्या यॉटना समुद्रतळावरच्या संरक्षित पॉसिडोनिया गवतावर नांगर टाकायला बंदी आहे. मालकाने हट्ट केला तरी कोर्टात उभं राहायची पाळी कॅप्टनवरच येते.