राज्यशास्त्राच्या डिझर्टेशनसाठी निराधार योजना घेतली आहे, यात राजकारण कुठे शोधू?

माणदेशी

नमस्कार मंडळी. मी एम.ए. राज्यशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. डिझर्टेशनसाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना घेतली आहे, आमच्याच तालुक्यातली गावं, आणि त्यातही फक्त विधवा बायका. दिवाळीपासून गावोगाव फिरतेय. काम मनापासून आवडतंय, पण दोन ठिकाणी गाडं अडलंय.

एक म्हणजे मार्गदर्शक. सर म्हणतात, "हे समाजकार्याचं झालं, यात राज्यशास्त्र कुठाय?" त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. माझ्या वहीत ना पक्ष आहेत ना निवडणूक, आहेत ती नुसती कागदांची नावं. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला, रेशनकार्ड, पासबुक, आणि मंजूर झालं तरी दरवर्षी हयातीचा दाखला. परवा एका काकूंनी साडीच्या दुकानाची पिशवी आणली आणि त्यातला एकेक कागद घोंगडीवर मांडला. नवरा ऊसतोडीला गेलेला असताना फडातच वारला. मृत्यूची नोंद तिकडच्या ग्रामपंचायतीत, दोन जिल्हे ओलांडून. तो दाखला आणायला त्या थोरल्या मुलीला घेऊन गेल्या होत्या. त्याच्या चार झेरॉक्स काढून ठेवल्यात, मूळ कागद प्लास्टिकमध्ये. एवढं करून अर्ज अडला तो उत्पन्नावर. वर्षाला २१,०००ची मर्यादा आहे आणि "मजुरी धरली तर तुमचं जास्त होतं" असं त्यांना तोंडी सांगितलं गेलं. लेखी काहीच नाही.

दुसरी अडचण मला जास्त छळते. वही उघडली की आसपासच्या बायका आपापले कागद घेऊन येतात. मी विद्यार्थिनी आहे, तहसीलमधून आलेली नाही, हे दरवेळी सांगते. तरी उठताना विचारतातच, "माझं नाव लिहिलंस ना गं?" मदत केली तर संशोधन बिघडतं का? आणि न करता परत त्याच दारात कुठल्या तोंडाने जायचं?

कोरडवाहू

माणदेशी, तुझ्यापेक्षा पंधराएक वर्षांनी मोठी असेन, म्हणून अगंतुगं करतेय. माझी पीएच.डी. मराठवाड्यातल्या निवृत्तिवेतन योजनांवर होती, तीही राज्यशास्त्र विभागातूनच, आणि हाच प्रश्न मलाही झाडून सगळ्यांनी विचारला होता.

त्या काकूंचा २१,०००चा आकडा धरून बस. सगळं राज्यशास्त्र त्यात आहे. २०२४-२५मध्ये रोजगार हमीचा महाराष्ट्रातला दर दिवसाला २९७ रुपये होता. तेव्हाच्या कायद्याने दिलेले शंभर दिवस काकूंनी भरले, तर वर्षाचे २९,७०० होतात. म्हणजे एका कायद्याची हमी पुरती पदरात पडली, की दुसऱ्या योजनेच्या लेखी ही बाई निराधार उरत नाही. महिन्याचं अनुदान ६००वरून २०१९मध्ये १,००० झालं, २०२३मध्ये १,५०० झालं. उत्पन्नाची अट मात्र २१,०००वरच. रक्कम वाढवल्याची घोषणा सभेत करता येते. मर्यादा वाढवली तर दारात येणाऱ्यांची संख्या वाढते आणि तिजोरीला कायमचा भार लागतो. हा निर्णय राजकीय नाही तर कुठला?

आता याच्या शेजारी लाडकी बहीण ठेव. २०२४ची विधानसभा निवडणूक तोंडावर असताना आलेली योजना. रक्कम तीच, १,५००. उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. एकच राज्य, एकच रक्कम, आणि गरीब कोण हे ठरवायची दोन मापं, एक दुसऱ्याच्या जवळजवळ बारापट. राज्यसंस्था कुणाला संशयाने पाहते आणि कुणाला मतदार म्हणून, हे यातून जितकं स्वच्छ दिसतं तितकं कुठल्या जाहीरनाम्यातून दिसणार नाही. सरांना ही दोन मापं दाखव.

तिसरं, समिती. निराधारचे अर्ज तालुका समितीपुढे जातात. तिचा अध्यक्ष अशासकीय असतो, नेमणूक पालकमंत्र्यांच्या मर्जीची, आणि तहसीलदार सचिव. राज्यघटनेच्या कलम ४१मध्ये म्हातारपण, आजारपण, अपंगत्व यांत सार्वजनिक साहाय्य मिळण्याचा उल्लेख आहे, पण तो मार्गदर्शक तत्त्वांत, न्यायालयातून वसूल करता येईल असा हक्क म्हणून नाही. घटनेतलं ते वाक्य आणि काकूंची पिशवी यांच्या मधोमध ही समिती बसलेली आहे. तुझ्या गावात बायका म्हणतात का, "अमक्याने माझं मंजूर करून दिलं"? तो अमका कोण, कुठल्या गटाचा, दूध संघात आहे की सोसायटीत, हे लिहून घे. बायका त्याला उपकार समजतात की हक्क, हेही विचार. मी विचारलं तेव्हा बहुतेकींनी माणसाचं नाव घेतलं होतं, योजनेचं नव्हे.

मदतीबद्दल माझं मत ठाम आहे. कर. अर्ज लिहून दे, नकार लेखी मागायला शिकव. फक्त कुणाला काय मदत केली ते तारखेनिशी वेगळ्या वहीत लिही आणि डिझर्टेशनमध्ये उघड सांग. लेखी नकार मागितल्यावर पलीकडून काय झालं, ही सुद्धा तुझी सामग्रीच आहे. आणि "नाव लिहिलंस ना?" याला दरवेळी सरळ उत्तर दे: लिहिलंय, पण याने पैसे सुरू होणार नाहीत. ऐकायला कठोर वाटतं. पण ज्या घरांत मी हे स्पष्ट सांगितलं तिथे पुढच्या खेपेला चहा मिळाला आणि खरं बोलणंही.

निवृत्त अव्वल कारकून

महसूल खात्यात हयात गेली म्हणून चार ओळी. ताई, तुम्ही भेटताय त्यात मंजूर झालेल्या किती आणि नामंजूर किती? मंजुरांची यादी ग्रामपंचायतीत विचारली तरी मिळते. नामंजूर झालेली बाई कुठल्याच यादीत ठळक दिसत नाही, आणि तोंडी परत पाठवलेली तर आवक नोंदवहीतही नसते. तुमच्या काकू बहुधा त्यातल्याच. अशा बायका शोधायच्या तर सेतू केंद्रावर दिवसभर बसा.

समितीच्या बैठकांची इतिवृत्तं माहिती अधिकारात मागा. साधा अर्ज, १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प. लाभार्थींची नावं झाकून द्या असं तुम्हीच लिहा, म्हणजे खासगी माहितीचं कारण पुढे येणार नाही.

तलाठ्यालाही भेटा, आणि आरोपी समजून भेटू नका. एका माणसाकडे तीन-चार गावं, मजुरीची कुठे नोंद नाही, आणि उद्या तक्रार झाली तर दाखल्यावरच्या सहीचा जाब त्यालाच. २१,०००च्या आत लिहावं तर खोटं, वर लिहावं तर बाई उपाशी. ही कात्री वर बसलेल्यांनी केली आहे, सज्जावरच्या माणसाने नाही.

भीमाकाठ

माझी आजी श्रावणबाळ योजनेत आहे. वृद्धांच्या निवृत्तिवेतनात केंद्राचा वाटा ऐंशीच्या आतल्यांना महिना २०० रुपये आहे, वर्षानुवर्षं तेवढाच. बाकी राज्य घालतं. तुमच्या मांडणीत हा केंद्र-राज्य धागा जरूर घ्या, सरांनाही पटेल. आणखी एक, बँकेच्या दारातही बसून बघा. आजीचा अंगठा यंत्रावर उमटत नाही, शेतात झिजलाय. पैसे खात्यात असून हातात यायला दोन-दोन खेपा होतात.

माणदेशी

सगळ्यांचे मनापासून आभार. कोरडवाहूताई, दोन मापांचं आज सरांना दाखवलं. त्यांनी कागद ठेवून घेतला आणि "समितीचं प्रकरण वेगळं करा" म्हणाले. काका, नामंजूर बायकांबद्दल तुम्ही म्हणालात ते वाचून रात्री सगळी वही परत चाळली. खरंच, जवळजवळ सगळ्या मंजूर झालेल्या आहेत. सेतूवर बसायला उद्यापासून जाते. इतिवृत्तं मात्र किती सालापासूनची मागू? फार मागे गेलं तर देणार नाहीत असं मैत्रीण म्हणते.

निवृत्त अव्वल कारकून

२०१९ ते २०२४ मागा. त्या काळात नोव्हेंबर २०१९ आणि जून २०२२ असं दोनदा राज्यातलं सरकार पालटलं. दोन्ही वेळा समितीवरची नावं कधी बदलली आणि मधले किती महिने बैठकच झाली नाही, तेवढं आधी काढा.